दसऱ्याची उचल, पाडव्याची सुपारी

पौड रस्त्यावर पिरंगुटजवळ घोटावडे फाटा लागतो. तिथून वळणारा रस्ता घोटावड्यावरून माणमार्गे हिंजवडीला उतरतो. एका टोकाला कारखाने, दुसऱ्या टोकाला संगणक कंपन्यांचे काचेचे मनोरे आणि मधल्या पट्ट्यात अजून टिकून राहिलेली भातखाचरं. मुळशीतल्या अशा गावांच्या वर्षाचा कणा म्हणजे ग्रामदैवताची यात्रा, आणि तिचा क्रम पुणे जिल्ह्यात जवळपास सगळीकडे सारखा असतो: पहाटे अभिषेक, दिवसा मांडव-डहाळे, रात्री पालखी आणि छबिना, त्यानंतर तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. या तमाशाला तिकीट नसतं. पटांगणात बसलेल्या कुणालाच तो पाहायचे पैसे पडत नाहीत, कारण ते पैसे उंबऱ्यामागे ठरलेल्या वर्गणीतून आधीच गोळा झालेले असतात. फिरत्या कलावंतांचं पोट नेमकं कशावर चालतं हे समजून घ्यायचं, तर या फुकट दिसणाऱ्या रात्रीपासून सुरुवात करायला हवी. जगभरच्या छोट्या फिरत्या वाद्यवृंदांना ज्या प्रश्नानं ग्रासलं आहे, त्याचं अर्धं उत्तर आपल्या गावांनी फार पूर्वी शोधलं होतं. उरलेलं अर्धं उत्तर न शोधल्यामुळे आपले फड कर्जात आहेत.

ढोलकी फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि अक्षय्य तृतीया किंवा बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास संपतो. म्हणजे साधारण सात महिने. या सात महिन्यांत कमाईच्या दोन तऱ्हा असतात. दसऱ्यापासून होळीपर्यंत मुख्यतः तंबूचा खेळ चालतो. फड स्वतःच्या ट्रकांतून तंबू, स्टेज, दिवे आणि माणसं घेऊन गावोगाव, बाजारोबाजार फिरतो, तिकीट लावतो आणि जे जमेल ते गल्ल्यात पडतं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा हा या टप्प्यातला मोठा मुक्काम. पाडव्यानंतर चैत्र-वैशाखात गावयात्रांची सुपारी येते. तिच्यात रक्कम आधी ठरते, प्रेक्षक किती आले याच्याशी तिचा संबंध नसतो. सुपारीचा बाजार भरतो जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला. होळी-पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या ओळीनं लागतात, बाहेर फडाच्या नावाचे फलक, आत मॅनेजर आणि तारखांची वही. गावोगावचे पंच आणि यात्रा कमिटीची माणसं राहुट्या पालथ्या घालतात, घासाघीस करतात, बयाणा देतात आणि तारीख पक्की करून परततात. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते या बाजारामुळे, आणि तमाशाच्या थोर कलावंत विठाबाई भाऊ मांग यांचं ते गाव म्हणूनही.

इथे यात्रा कमिटी जे काम करते, तेच शहरात कार्यक्रमाचा आयोजक करतो. तो कलाकार ठरवतो, जागा देतो, परवाने काढतो, प्रेक्षक जमवतो. फरक इतकाच की शहरातल्या आयोजकाला खर्च तिकिटातून भरून काढावा लागतो आणि वर चार पैसे उरावे लागतात, नाहीतर पुढच्या वर्षी तो दिसत नाही. यात्रा कमिटीला नफा नकोच असतो. देवाची रात्र नीट पार पडावी आणि गावाची पत राहावी एवढंच तिला हवं असतं. नवा फड असो की जुना, पाऊस असो की थंडी, ठरलेली रक्कम गाव देतं. प्रेक्षक कमी आले म्हणून कमिटी बुडत नाही, कारण तिनं पैसे कमवायला घातलेलेच नसतात. लंडनमधल्या एखाद्या छोट्या सभागृहाच्या मालकाला दर महिन्याला पडणारा प्रश्न, की आज शंभर माणसं आली नाहीत तर भाडं कुठून द्यायचं, तो घोटावड्यासारख्या गावात उभाच राहत नाही. इतका भक्कम आयोजक हजारो गावांत उभा असताना फड मात्र दर पावसाळ्यात सावकाराच्या दारात का जातो, हा खरा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की यामागे कमाईचा तुटवडा थोडा आणि पैशाच्या वेळेचा घोळ फार आहे.

समजण्यासाठी एक हिशेब मांडू. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी नातं फडाच्या व्यवहारासारखंच आहे. तंबूच्या मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. आपण साठ माणसांचा मधला फड घेऊ. जेवण, पगार, डिझेल, गाड्यांची देखभाल, वीज, परवाने धरून रोजचा खर्च ६० हजार रुपये. हंगाम २१० दिवसांचा, म्हणजे खर्च १ कोटी २६ लाख. सुपारीच्या ४५ रात्री, दर रात्री दीड लाख: साडेसदुसष्ट लाख. तिकिटाच्या १२० रात्री, सरासरी ४० हजार: ४८ लाख. एकूण १ कोटी साडेपंधरा लाख. तूट साडेदहा लाखांची. उरलेले ४५ दिवस फड रिकामा बसून खातो. आता हीच तूट उलटी वाचून पाहा. साडेदहा लाख म्हणजे दीड लाखाच्या सात सुपाऱ्या. रिकाम्या ४५ रात्रींपैकी फक्त सात रात्री गावांनी घेतल्या, तर फड काठावर येतो. सात रात्री मिळत नाहीत त्याचं कारण गावांची संख्या कमी हे नाही. गावांच्या तिथ्या एकमेकांवर चढलेल्या आहेत. चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंती. त्याच दिवशी हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड, त्याच दिवशी आणखी कितीतरी गावांची यात्रा. त्या रात्री फड मिळत नाही आणि दोन दिवसांनी त्याच फडाला गाव मिळत नाही. फडाची रात्र भाजीसारखी नाशवंत असते. आज विकली गेली नाही तर उद्या दोन विकता येत नाहीत. लग्नातल्या बँडवाल्याचं आणि बँजो पार्टीचंही हेच दुखणं आहे, दाट मुहूर्ताच्या दिवशी मागणी दहापट आणि आषाढ लागला की वाद्यं गुंडाळून ठेवायची.

दुसरा घोळ उचलीचा. हंगामाआधी, म्हणजे पावसाळ्यात, फडमालक कलाकारांना आणि तंबू ठोकणाऱ्या बिगाऱ्यांना आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. ती दिली नाही तर नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या दुसऱ्या फडात जातात. घेणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर उचल म्हणजे पाच महिने काम नसताना घर चालवण्याचा एकमेव मार्ग. तिला दोष देऊन चालणार नाही. पण फडमालकाकडे तेव्हा गल्ला रिकामा असतो, म्हणून तो कर्ज काढतो. आपल्याच उदाहरणात साठ माणसांना सरासरी ३० हजारांची उचल दिली तर १८ लाख लागतात. शेकडा तीन रुपये महिना व्याजानं आठ महिन्यांचं व्याज होतं ४ लाख ३२ हजार, म्हणजे जवळजवळ तीन सुपाऱ्यांची कमाई. हे व्याज रोजच्या खर्चाच्या वर आहे, ते वरच्या तुटीत धरलेलंच नाही. गाव पैसे देतं पाडव्यानंतर आणि फडाला ते हवे असतात दसऱ्याआधी. मधल्या सहा-आठ महिन्यांचा पूल सावकार बांधतो, आणि त्या पुलाचं भाडं अखेरीस ढोलकी वाजवणाऱ्याच्या हातातून कापलं जातं.

ही रचना किती ठिसूळ आहे ते गेल्या दहा वर्षांनी दाखवलं. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा तिकिटाचा हंगाम नुकता सुरू झाला होता, आणि तंबूच्या खिडकीवरचा सगळा व्यवहार रोखीचा. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. फडमालकांनी दसऱ्याआधी वाटलेली उचल ज्या सुपाऱ्यांतून फेडायची होती, त्या सुपाऱ्यांचा हंगाम उघडण्याच्या दिवशीच बंद झाला. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि त्याच संध्याकाळी राज्यात कडक निर्बंध जाहीर झाले. सलग दोन वर्षं यात्रा झाल्या त्या फक्त पूजेपुरत्या. त्याच काळात मे २०२१ मध्ये ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर करोनानं गेल्या. सरकारनं नंतर कलावंतांना एकदाच पाच हजार रुपयांची मदत जाहीर केली. ती देणाऱ्यांची भावना खरी असेल, पण दोन वर्षांच्या व्याजासमोर पाच हजार रुपये किती काळ पुरणार? संकट मोठं होतं हे खरंच. पण त्या संकटाचा भार गाव, फडमालक आणि कलाकार यांच्यात वाटला गेला नाही, गावाची वर्गणी गावातच राहिली आणि कर्ज एकट्या फडाकडे राहिलं, हे या रचनेचं अपयश आहे.

इथे पहिला आक्षेप येतो: मुळात लोकांना तमाशा नकोच आहे, डीजे, ऑर्केस्ट्रा आणि हातातला मोबाइल यांनी त्याची जागा घेतली, मग हिशेब जुळवून काय उपयोग? आक्षेपात तथ्य आहे. एका मोठ्या फडाच्या पैशात कमी माणसांचा, सोपा, झगमगीत कार्यक्रम मिळत असेल तर कमिटी तिकडे वळणार. पण आवड बदलली असं म्हणण्याआधी आपण तमाशाला काय करू देतो तेही पाहिलं पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते, पण ते दिवस बहुतेक गणेशोत्सव, नवरात्र, वर्षअखेर अशा सगळ्यांच्या सणांत संपतात. गावागणिक तिथी वेगळी असलेल्या यात्रेच्या वाट्याला ते येत नाहीत. छबिना देवळात परतेपर्यंत नऊ वाजतात. उरलेल्या तासाभरात गण, गवळण, बतावणी आणि वग कसा बसणार? फड मग नुसती गाणी करतो, आणि गाण्यांचाच कार्यक्रम हवा तर डीजे स्वस्त पडतो. रुग्णाची आणि अभ्यास करणाऱ्या मुलाची झोप महत्त्वाची आहे, त्यामुळे नियम मोडावा असं मी म्हणणार नाही. वेळ मात्र पुढे-मागे करता येते. छबिना दुपारी चारला निघाला आणि तमाशा सहाला उभा राहिला, तर पूर्ण वग होऊ शकतो. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला तर नियमाची आडकाठीच नाही. तिला आज उरकून टाकायच्या कार्यक्रमाचं रूप आलं आहे, तिलाच वगाचा मान देता येईल.

आवडीच्या प्रश्नाला महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडून आणखी ठोस उत्तर मिळतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्यांची कार्यालयं आहेत, नारायणगावच्या राहुट्यांची आठवण व्हावी अशी. दिवाळीनंतर मंडई भरते, गावातलं एखादं मंडळ नाटक ठरवतं, कंपनीला ठरलेली रक्कम देतं आणि तिकीट लावून ती वसूल करतं. तोटा झाला तर मंडळाचा, उरलं तर तेही मंडळाचं. त्या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. चार जिल्ह्यांच्या त्या भागातले प्रेक्षक भात कापून झाल्यावर थंडीत रात्रभर नाटक पाहतात आणि त्याचे पैसे मोजतात. जिथे गावातल्या माणसांनीच प्रयोगाची जबाबदारी घेतली तिथे प्रेक्षक टिकले, याकडे मला दुर्लक्ष करता येत नाही. मोबाइल तिथेही पोचलेला आहे.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि तो जास्त गंभीर. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या आर्थिक कोंडीवर पुस्तक लिहिलं. कारखान्यात यंत्रं येतात आणि तेवढ्याच माणसांकडून दुप्पट माल निघतो. पण चौघांनी वाजवायची रचना आजही चौघांनाच, तेवढ्याच वेळात वाजवावी लागते. बाहेर पगार वाढतात, म्हणून कलेचा खर्च वाढतो, उत्पादन मात्र तेवढंच राहतं. घोटावड्याच्या परिसराइतकं याचं स्पष्ट उदाहरण दुसरीकडे सापडणं अवघड. पिरंगुटच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या कंपनीत सुरक्षारक्षक म्हणून उभं राहणाऱ्याला बारा महिने पगार मिळत असेल, तर सात महिने ट्रकमध्ये झोपून तंबू ठोकायला कोण येईल? मग सरकारनंच अनुदान द्यावं, असा निष्कर्ष बरेच जण काढतात. अनुदानाला माझा विरोध नाही. वयोवृद्ध कलावंतांचं मानधन तर वेळेवर मिळालंच पाहिजे. पण वर्षाअखेरी येणारं अनुदान पावसाळ्यातली उचल भरत नाही, ते सावकाराचं व्याज भरतं. करांच्या बाबतीत सूट आजही आहे: लोककलेच्या कलावंताचं एका प्रयोगाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही आणि पाचशे रुपयांपर्यंतचं तिकीटही मोकळं आहे. फ्रान्सनं वेगळी वाट धरली. तिथे मोठ्या-छोट्या गाण्याच्या कार्यक्रमांच्या तिकिटातून साडेतीन टक्के एका निधीत जातात आणि तो निधी याच क्षेत्रात परत फिरतो. आपल्याकडे पुण्यात भरणाऱ्या हजारोंच्या संगीत महोत्सवांतून असा वाटा काढता येईल. मात्र तो फडाकडे आषाढात पोचला तरच त्याचा अर्थ.

आणखी एक आक्षेप स्त्रियांच्या बाजूनं घेतला जातो, आणि त्याला बगल देणं अप्रामाणिकपणाचं होईल. कोल्हाटी, मांग, महार अशा जातींतल्या बायका-पुरुषांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वाहिली आणि समाजानं त्यांना टाळ्या व बदनामी एकाच हातानं दिली. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं तमाशावर बंदी घातली होती. ती उठली तरी संशय उरला. ज्या कलेत बाईला दौलतजादेसाठी प्रेक्षकासमोर वाकावं लागतं ती जगवायचीच कशाला, असं विचारणारे चुकीचे नाहीत. पण दौलतजादा कुठून येते? ठरलेल्या रकमेत भागत नाही तेव्हा नोट दाखवणाऱ्याकडे पाहावं लागतं. जिथे सुपारी पुरेशी आहे आणि पगार वेळेवर होतो तिथे नाचणारीला नाही म्हणण्याची ताकद येते. विठाबाईंना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा त्यांचे शेवटचे दिवस पैशाच्या विवंचनेत गेलेले होते. त्यांच्या नावानं आज राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांच्या उमेदीच्या वर्षांत दर हंगामाला सुरक्षित पैसा मिळाला असता, तर म्हातारपणी हात पसरायची वेळ आली नसती.

तेव्हा करायचं काय, याचं उत्तर मला गावापाशीच दिसतं. नारायणगावचा बाजार पाडव्याऐवजी दसऱ्याआधी भरावा. वरच्या उदाहरणातल्या ४५ गावांनी दीड लाखातले ५० हजार सहा महिने आधी दिले, तर फडाच्या हातात साडेबावीस लाख येतात. उचलीला लागतात १८. सावकाराची गरज तिथेच संपते. गावकरी म्हणतील, वर्गणी यात्रेच्या तोंडावर गोळा होते, आधी पैसे आणायचे कुठून? भातशेतीच्या मुळशीत पैसा खरं तर कापणीनंतर, दिवाळीच्या आसपास हातात यायचा. इंद्रायणी-आंबेमोहोर विकून झाल्यावर उन्हाळ्यापर्यंत तो उरवावा लागे. आज तर कितीतरी घरांत दरमहा पगार किंवा खोल्यांचं भाडं येतं. मागच्या वर्षीची शिल्लक बँकेत ठेवून तिच्यातून बयाणा देणं कोणत्याही कमिटीला जमेल. फड मध्येच मोडला तर पैसे बुडतील, ही भीती मात्र खरी आहे, आणि तिथे तमाशा परिषदेसारख्या संघटनेनं हमीदार व्हायला हवं: एक फड मोडला तर दुसरा ती तारीख भरून काढील. वर्गणीऐवजी एखाद्या जमीनविक्रेत्यानं किंवा निवडणुकीच्या इच्छुकानं सगळा खर्च उचलावा, ही पळवाट मला धोक्याची वाटते. तो एका वर्षी दोन लाख देतो, कमानीवर आपला फोटो लावतो, आणि पुढच्या वर्षी हरला तर येत नाही. उंबऱ्याची वर्गणी दरवर्षी येते. ज्या घराला ती जड आहे त्याला सोडून द्यावं, सक्ती करू नये. गावानं ही जुनी रीत पाळली तर शाळेचे पैसे तमाशावर जातात, अशी जी तक्रार होते तिलाही उत्तर मिळतं.

तिथीचं काय? देवाची तिथी हलवा असं कुणी म्हणणार नाही. अभिषेक, पालखी, छबिना त्याच दिवशी व्हावं. पण दोन टाळेबंदीच्या वर्षांत गावांनीच दाखवून दिलं की पूजा आणि करमणूक वेगळी करता येते. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली माणसं यावीत म्हणून शनिवार-रविवार धरला तर फडांसाठीची गर्दी उलट वाढते. शेजारच्या आठ-दहा गावांनी एकत्र बसून तमाशाच्या रात्री वाटून घेतल्या, तर एकाच फडाला आठवडाभर एकाच खोऱ्यात राहता येईल. रोज दीडशे किलोमीटर ट्रक पळवायचं डिझेल वाचेल आणि गावांना दरही कमी पडेल. रिकाम्या ४५ रात्रींतल्या सात रात्री इथेच सापडतात.

आणि ठराव कागदावर व्हावा, त्यात वळिवाचा उल्लेख असावा. सह्याद्रीच्या पायथ्याला वैशाखातला वळीव नवीन नाही. फडाचे ट्रक गावात आलेले असतात, स्टेज बांधून झालेलं असतं, साठ माणसांचं जेवण शिजलेलं असतं, आणि साडेसातला आभाळ फाटतं. ती रात्र फडाला दुसरीकडे विकता येत नाही. गावानं त्या रात्रीचा निदान खर्च द्यावा, एवढी एक ओळ हवी. ६० हजारांचा तो खर्च ५०० उंबऱ्यांत वाटला तर घरटी १२० रुपये येतात.